उपदेशाची उलटतपासणी

नवविवाहित तरुणींना १९५५ साली दिलेला सल्ला म्हणून एक इंग्रजी कात्रण वर्षानुवर्षे व्हॉट्सॲपवर फिरत असते. नवरा घरी येण्यापूर्वी पंधरा मिनिटे विश्रांती घ्या, केसांना रिबीन बांधा, त्याच्यापुढे तक्रारी मांडू नका, अशा सूचना त्यात आहेत. ज्या मासिकाचा हवाला दिला जातो त्याचा मूळ अंक कुणीही दाखवू शकलेले नाही. बहुधा ती मागाहून रचलेली थट्टा आहे. गेलेल्या काळाला आज हसायला धाडस लागत नाही. उपदेशाचा अंमल चालू असताना त्याची उघड टर उडवणाऱ्या बाईचे पुस्तक आपल्या मराठीत आहे आणि आपण मात्र असली कात्रणे पुढे पाठवत राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला १८८१ मध्ये अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण तेवढ्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला नीतीचे पाठ देणे सुरू झाले. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले.

त्यांची रीत फार धारदार आहे. बाईला घालून दिलेला प्रत्येक नियम त्या उचलतात आणि जसाच्या तसा पुरुषाला लावून पाहतात. पती हा देव असेल, तर त्याने देवासारखे वागायला नको का, भक्ताच्या सुखदुःखाची चौकशी करायला नको का? नवरा गेल्यावर बाईने विद्रूप होऊन कोपऱ्यात बसायचे असेल, तर बायको गेल्यावर पुरुषानेही दाढीमिशा भादरून, तोंड काळे करून जन्मभर अरण्यात का राहू नये? संशयाचा भोवरा, अविनयाचे घर, साहसाचे नगर अशी स्त्रीदोषांची जी संस्कृत यादी पिढ्यान्‌पिढ्या घोकली गेली, तिच्यातला एकेक दोष कुणाच्या पदरात अधिक पडतो, हेही त्या तपासतात. विधवांचे केशवपन सर्रास चालू असताना हे छापणे म्हणजे काय होते, याचा विचार करावा.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. शिक्षण, गृहकृत्य, पतीशी वर्तन यांविषयीचा तो गंभीर उपदेश होता आणि त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून त्यांचा इंग्लंडप्रवास घडला, त्यामुळे त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यावर मात्र ताराबाई किती एकट्या उभ्या होत्या हे कळते. त्यांच्यावर टीका झाली. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’ या आपल्या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हे पुस्तकही १९७५ मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत जवळजवळ विस्मरणात गेले होते. ते छोटेसे आहे, एका बैठकीत वाचून होते. घरातल्या मुलींना ते वाचायला द्यावे, आणि मुलांना तर आवर्जून द्यावे, कारण त्यातले सगळे प्रश्न त्यांनाच विचारलेले आहेत.