परदेशातून : कार्डावरून भांडण, पण डिस्चार्जनंतरचं काय?

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने कार्डावर मोफत उपचार देणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटक सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, कर्नाटकाने हरकत घेतली आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुना वाद पुन्हा तापला. जर्मनीत रक्ताच्या कर्करोगावर काम करताना तो दुरून वाचत होतो. सीमाभागातल्या मराठी माणसाला त्याच्या भाषेतले कागद आणि हक्काचे उपचार मिळालेच पाहिजेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण भांडण चालतं ते रुग्ण दाखल होण्यापुरतं. स्टेमसेल म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणात निम्मं काम डिस्चार्जनंतर उरतं. त्याबद्दल ना बंगळूर बोलतं, ना मुंबई.

दात्याच्या पेशी सलाईनसारख्या शिरेतून चढवतात. साधारण दोन-तीन आठवड्यांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या वर टिकू लागतात आणि पुढे रुग्ण घरी जातो. पण दात्याच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत परकं समजून हल्ला करू शकतात. त्यांना आवरायला टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन देतात आणि गडबड होते ती इथेच. औषधाची रक्तातली पातळी सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या रात्रीच्या गोळीनंतर सुमारे 12 तासांनी, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलेल्या रक्तावर मोजायची असते. रुग्ण गोळी घेऊन, नाश्ता उरकून लॅबमध्ये येतो. आकडा फुगलेला दिसतो, डोस कमी होतो, दात्याच्या पेशी मोकाट सुटतात आणि काही दिवसांनी अंगावर पुरळ उठून पाण्यासारखे जुलाब लागतात. खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर पातळी चढून किडनीला इजा होते, टीबीच्या संशयाने रिफॅम्पिसिन सुरू केलं तर ती कोसळते. गावातल्या डॉक्टरला दोष कसा द्यायचा? त्याच्या हातात इंग्रजी डिस्चार्ज समरीची आठ पानं असतात आणि ही औषधं टाळा अशी ओळ त्यात शोधूनही सापडत नाही.

तापाचंही तसंच. 38 अंश, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर 100.4, ताप आला की ब्लड कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबलं तर ताप उतरलेला दिसतो, जंतुसंसर्ग मात्र वाढत राहतो. बंगळूर जवळपास 500 किलोमीटर. पहिला डोस बेळगावातच मिळाला पाहिजे, कार्ड कुठल्याही राज्याचं असो.

प्रत्यारोपणाआधीची एक चूक आपल्या प्रेमळ स्वभावातून होते. रक्त लागणार कळताच भाऊ, काका, मामा धावत येतात. त्यांनी रक्तपेढीत जरूर द्यावं, पण ते याच रुग्णाला चढवू देऊ नये. नातेवाइकांच्या रक्तामुळे रुग्णाच्या अंगात त्यांच्या एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या, दाता जुळवताना पाहिल्या जाणाऱ्या खुणांविरुद्ध) अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढे त्याच भावाच्या पेशी रुजायला अडचण येते. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं झालेली असतात, अशा घरात आईवडील आणि चुलत-मामे भावंडंही तपासून घेण्यासारखी असतात. शिवाय प्लेटलेट असो वा लाल पेशी, त्या किरण दिलेल्या, किमान 25 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतक्या, हव्यात. हे रक्तपेढीला आधीच लिहून द्यावं लागतं.

जर्मनीत 16 राज्यं आहेत. इस्पितळांचं नियोजन राज्याच्या हातात, पण सरकारी विम्याचं कार्ड देशभर चालतं. प्रत्यारोपण एका राज्यात करून रुग्ण दुसऱ्या राज्यातल्या घराजवळच्या रक्तरोगतज्ज्ञाकडे तपासणीला जातो. इथलं सगळंच अनुकरणीय आहे असं नाही. कागद अजूनही फॅक्सने फिरतात आणि सर्वांसाठीची इलेक्ट्रॉनिक रुग्णनोंद 2025 मध्ये कुठे सुरू झाली.

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर मराठी आणि कन्नड, दोन्हींत एक पान छापता येईल : कोणत्या तापाला काय करायचं, पातळीसाठी रक्त कधी द्यायचं, कोणती औषधं विचारल्याशिवाय द्यायची नाहीत, प्रत्यारोपण केंद्राचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर. आणि महाराष्ट्र व कर्नाटक, दोन्ही सरकारांच्या आरोग्य योजनांच्या पॅकेजमध्ये टॅक्रोलिमसच्या तपासण्या व डिस्चार्जनंतरची औषधं निदान पहिल्या 100 दिवसांपुरती स्पष्ट लिहावीत. हे मागायला महाराष्ट्र एकीकरण समितीनेही हरकत घेऊ नये आणि कन्नड संघटनांनीही.