भाररेषा पाण्याच्या वर आहे, म्हणून जहाज सुरक्षित?

जहाज बुडाल्याची बातमी आली की एक मजकूर फोनवरून फिरू लागतो: 'आर्किमिडीजचा नियम साधा आहे. जहाजाच्या बाजूवरची भाररेषा पाण्याच्या वर दिसत असेल तर ते बुडूच शकत नाही. अपघात होतो तो फक्त हावरटपणे जास्त माल भरल्यामुळे. जड माल तळाशी ठेवला की काळजी मिटली.' पहिलं वाक्य सोडलं तर यातलं काहीच टिकत नाही, आणि या समजुतीपायी माणसं गेली आहेत.

'भाररेषा वर आहे ना, मग झालं.' भाररेषा म्हणजे जहाज जास्तीत जास्त किती खोल बुडेपर्यंत भरायचं याची खूण. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांच्या झगड्यामुळे १८७६ साली ब्रिटिश कायद्यात आलेल्या या रेषेने असंख्य खलाशी वाचवले. पण ती फक्त एकूण भार दाखवते. तो भार किती उंचीवर आहे, हे तिला कळत नाही. जहाज कलतं तेव्हा पाण्याखालच्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो. गुरुत्वमध्य, म्हणजे जहाजाचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येईल तो बिंदू, पुरेसा खाली असेल तर हाच जोर जहाजाला परत सरळ करतो. गुरुत्वमध्य प्रमाणाबाहेर वर गेला, तर तोच जोर जहाजाला आणखी कलवतो. तरंगणं वेगळं आणि सरळ उभं राहणं वेगळं.

दक्षिण कोरियाची सेवोल फेरी १६ एप्रिल २०१४ रोजी उलटली, ३०४ जण गेले, त्यात बहुतेक शाळकरी मुलं. वरच्या मजल्यावर खोल्या वाढवल्याने गुरुत्वमध्य आधीच वर गेला होता, म्हणून मालाची मर्यादा ९८७ टनांवर आणली होती. प्रत्यक्षात दुपटीहून जास्त माल चढवला गेला. मग रेषा बुडायला हवी होती ना? बुडू नये म्हणून तळाच्या टाक्यांमधलं बॅलास्टचं, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेलं, पाणी कमी केलं होतं. खालचं वजन काढून वर ठेवलं. रेषेच्या दृष्टीने सगळं ठीक. वळण घेताना जहाज कललं, नीट न बांधलेला माल घसरला आणि ते सावरलं नाही.

'अपघात फक्त अतिभारामुळे होतो.' आपल्याकडची रामदास बोट आठवा. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेल्या या बोटीवरचे ६०० हून अधिक प्रवासी बुडाले. मोठ्या लाटेने बोट कलली आणि घाबरलेले लोक एका बाजूला धावले, असं त्या दिवसाबद्दल सांगितलं जातं. अशा धावपळीत बोटीचं वजन एका किलोनेही वाढत नाही, फक्त जागा बदलते.

कोरडा दिसणारा मालही असाच दगा देतो. लोहखनिजाची भुकटी पावसात भिजलेली असेल, तर इंजिनाच्या कंपनांनी आणि लाटांच्या हेलकाव्यांनी ती दबते, कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि घट्ट वाटणारा ढीग चिखलासारखा वाहू लागतो. जहाज कललं की तो त्या बाजूला जातो आणि परत येत नाही. २००९ मध्ये मंगळूरहून निघालेलं 'एशियन फॉरेस्ट' आणि पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ' ही जहाजं हीच भुकटी घेऊन बुडाली. गोव्यातूनही वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणावर भुकटी गेली आहे, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. १ जानेवारी २०११ पासून अशा मालातल्या ओलाव्याची मर्यादा पाळणं आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक आहे. वजनकाटा हा ओलावा दाखवत नाही.

'जड माल तळाशी, मग काळजी नाही.' तेवढ्याच वजनाच्या कापसाच्या गाठींना लोहखनिजाच्या कितीतरी पट जागा लागते. म्हणजे खनिज भरलं तर होल्ड, म्हणजे जहाजातला माल ठेवायचा कप्पा, अर्ध्याहून जास्त रिकामा राहतो आणि सगळा भार तळाशी बसतो. असं जहाज सहजी उलटत नाही, पण ते फार ताठ होतं. कललं की झटक्यात परत येतं, आणि त्या झटक्यांनी बांधलेले साखळदंड तुटतात, माल सुटतो, माणसं आपटतात. गुरुत्वमध्य योग्य उंचीवर हवा, फक्त खाली असून भागत नाही.

आणि बंदर सोडताना सगळं जमलं तरी हिशोब तिथे संपत नाही. प्रवासात तळाच्या टाक्यांमधलं इंधन जळतं, खालचं वजन घटतं आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. अर्धवट भरलेल्या टाकीत द्रव इकडून तिकडे धावतो, त्याने स्थिरता आणखी कमी होते. जहाज हलकं होतं, भाररेषा पाण्यातून आणखी वर येते, आणि त्याच वेळी उलटण्याचा धोका वाढलेला असू शकतो. म्हणूनच चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानानंतरचा अधिकारी, निघतानाची आणि पोचतानाची, अशा दोन्ही वेळची स्थिरता निघण्यापूर्वीच मोजतो.