तालुक्याचा वार्ताहर नेमका कोणाचा?

सोलापुरातील वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतच्या ज्या बातम्या आपण सकाळी वाचतो, त्यांतील बहुतेक अशा माणसांनी पाठवलेल्या असतात, ज्यांचे नाव त्या वर्तमानपत्राच्या पगारपत्रकावर नसते. कार्यालयात उपसंपादक असतो, मुख्य बातमीदार असतो, छायाचित्रकार असतो. त्यांच्यापैकी कोणी कायम तर कोणी वर्षावर्षाच्या करारावर असतो. तालुक्याच्या वार्ताहराला मात्र ओळखपत्र, थोडेफार मानधन आणि जाहिरातींवरील कमिशन एवढेच मिळते. नियुक्तिपत्र क्वचितच असते.

मी काही वर्षे येथील एका दैनिकाच्या डेस्कवर काम केले आहे. रात्री नऊच्या सुमारास अंक लावायची घाई असताना मोबाइलवर मजकूर येई, सोबत अपघातस्थळाचा किंवा ग्रामसभेचा फोटो असे. पाठवणारा दिवसभर आपले झेरॉक्सचे दुकान किंवा शेती सांभाळून, स्वतःच्या पेट्रोलने तिथे जाऊन आलेला असे. आषाढी वारीत पंढरपुरात मोठ्या वाहिन्यांचे ताफे उतरतात, तेव्हा त्यांनाही वाट, माणसे आणि माहिती हाच पुरवतो.

श्रमिक पत्रकारांसाठी 1955 साली जो कायदा झाला, त्यात वार्ताहर होता, मुद्रितशोधकही होता, आणि पुढे दुरुस्तीने अर्धवेळ काम करणाराही आला; 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. पत्रकारांचे वेतन ठरवण्यासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी कंत्राटी पत्रकारांनाही लागू होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले. पण पत्रकारिता हा त्या व्यक्तीचा मुख्य व्यवसाय असावा, ही अट जुन्या-नव्या दोन्ही कायद्यांत पत्रकाराच्या व्याख्येतच आहे, आणि तालुक्याचा वार्ताहर नेमका तिथेच अडतो. मानधनात घर चालत नाही म्हणून तो दुसरा व्यवसाय करतो आणि दुसरा व्यवसाय आहे म्हणून तो पत्रकार ठरत नाही. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये केलेल्या कायद्यातही हीच अट आहे. वाळूउपशाची बातमी देणाऱ्यावर गावात हात उचलला गेला, तर तो पत्रकार होता की नाही, इथूनच वाद सुरू होऊ शकतो.

याहूनही मला जास्त खुपते ती जाहिरातींची सक्ती. दिवाळी अंक, वर्धापनदिनाची पुरवणी, नेत्यांचे वाढदिवस, या प्रत्येक वेळी वार्ताहराला उद्दिष्ट ठरवून दिले जाते. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला रास्त दर, द्यावी असा नियम आहे; ती थकली तर बातमी वार्ताहरानेच द्यायची आणि त्याच कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरातही त्यानेच आणायची! अशा वेळी शेतकऱ्याचे थकलेले बिल पानावर आले नाही, तर दोष एकट्या वार्ताहराच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ज्याने ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे दिली, त्याला आपण कधी विचारत नाही.

माझे म्हणणे असे, की बातमी आणि जाहिरात या कामांसाठी तालुक्यातही दोन वेगळी माणसे असावीत. ते लगेच जमत नसेल, तर निदान बातमीदाराला लेखी नियुक्ती, प्रवासखर्च आणि बातमीमागे ठरलेला मोबदला मिळावा, आणि जाहिरातीचे उद्दिष्ट चुकले म्हणून त्याचे काम काढून घेतले जाणार नाही, हे त्याच पत्रात लिहिलेले असावे. पत्रकार संघटनांनी अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकार म्हणून सरकारी मान्यतेचे ओळखपत्र) आणि सवलतींच्या आधी ही मागणी संपादकांपुढे आणि मालकांपुढे ठेवावी.