‘वेगळा विमा कशाला?’ परदेशातून गाडी आणण्याच्या त्या संदेशाला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच संदेश मला पाच ग्रुपांवरून आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, अगदी भिशीच्या ग्रुपवरूनसुद्धा. वर ठळक अक्षरांत ‘मुलं परदेशात असणाऱ्यांनी जरूर वाचा’ आणि खाली सल्ला: मुलाकडे इंग्लंडला जा, तिथेच उजव्या स्टिअरिंगची नवी कोरी गाडी घ्या, महिनाभर युरोप फिरा आणि मग जहाजाने मुंबईला पाठवून द्या. विम्यावर वेगळा एक रुपया घालवू नका. डीलरचा विमा असतोच. नसला तर मुलाच्या किंवा भाच्याच्या नावावर पॉलिसी काढा, स्वस्त पडते. भारतातली पॉलिसी बाहेरही चालते. समुद्रात काही झालं तर जहाज कंपनी भरून देते. विमा नसला की ड्युटीही कमी बसते. आणि मुंबईत उतरल्यावर तिकडचीच पॉलिसी वर्षभर वापरा.

मी एकवीस वर्षं मुंबईत मालवाहतुकीच्या विम्याचे सर्व्हे करते. जहाजातून उतरलेल्या मालाचं नुकसान झालं की विमा कंपनी आम्हाला पाठवते. या संदेशातलं प्रत्येक वाक्य मला खटकतं, आणि त्यातलं एक वाक्य खरं मानून बसलेलं एक जोडपं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

डीलरच्या विम्यापासून सुरू करू. काही डीलर गाडी ताब्यात देताना पाच-सात दिवसांचं कव्हर देतात हे खरं. पण ते बहुधा तिथल्या रहिवाशासाठी असतं आणि अटी पुऱ्या केल्या तरच. पर्यटक व्हिसावर गेलेल्या आईवडिलांना ते मिळेलच असं धरून चालू नका. डीलरची स्वतःची जी पॉलिसी असते ती त्याच्या धंद्यासाठी, विकून झालेल्या गाडीसाठी नव्हे. जर्मनीत तर हे नंबर प्लेटवरच दिसतं. डीलरच्या लाल अक्षरांच्या प्लेटा चाचणी किंवा ने-आण करण्यापुरत्या. देशाबाहेर न्यायच्या गाडीला वेगळी प्लेट मिळते, तिच्या उजव्या कडेला लाल पट्टी आणि त्यावर मुदत संपण्याची तारीख. विम्याचा कागद आधी दाखवल्याशिवाय ती प्लेट हातात पडत नाही. म्हणजे ‘विमा नंतर बघू’ म्हणायची सोयच तिथे ठेवलेली नाही.

इंग्लंडमध्ये १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याने थर्ड पार्टी विम्याशिवाय रस्त्यावर येणं हा गुन्हा आहे. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचतात आणि त्या गाडीचा विमा नोंदलेला आहे का ते लगेच ताडून बघता येतं. जागेवरचा दंड ३०० पौंड, लायसन्सवर ६ पॉइंट, शिवाय पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. भारतीय लायसन्सवर तिथे पहिले बारा महिने गाडी चालवता येते. त्यामुळे लोकांना वाटतं, लायसन्स चालतंय ना, मग झालं. लायसन्स चालतं, विमा चालत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता भाच्याच्या नावावर पॉलिसी. हा सल्ला मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण यात स्वतःच्या पोराला अडकवणं आहे. गाडी मुख्यतः चालवणार मामा, पण पॉलिसीत मुख्य ड्रायव्हर म्हणून लिहायचं भाच्याला, कारण त्याला प्रीमियम कमी. तिथल्या विमा धंद्यात याला ‘फ्राँटिंग’ म्हणतात आणि ती फसवणूक धरतात. अपघात झाला की कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, गाडी रोज कोण चालवतं? क्लेम नाकारला जातो, पॉलिसी रद्द होते, आणि एकदा पॉलिसी रद्द झालेल्या माणसाला पुढे कुठलीही कंपनी सहज दारात उभं करत नाही. मामा महिन्याभराने पार्ल्याला परत येतात. भाच्याला तिथेच राहायचं असतं. खरं काय ते सांगून मामांचं नाव ड्रायव्हर म्हणून घालता येतं, किंवा काही दिवसांची तात्पुरती पॉलिसी मिळते का ते बघता येतं. पैसे जास्त जातील. जाऊ देत. इंग्लंडच्या पॉलिसीवर युरोपात उतरणार असाल तर आणखी एक विचारून घ्या: बऱ्याच पॉलिसी तिकडे ठरावीक दिवसच पूर्ण संरक्षण देतात, पुढे फक्त थर्ड पार्टी उरते.

भारतातली पॉलिसी बाहेर चालते, हा मुद्दा दोन मिनिटांत संपतो. घरातली कुठलीही मोटर पॉलिसी काढा आणि ‘भौगोलिक क्षेत्र’ वाचा. तिथे भारत लिहिलेलं असतं. जादा प्रीमियम भरून ते वाढवता येतं, पण कुठवर? बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. बस्स. त्या एंडोर्समेंटमध्येही (पॉलिसीला जोडलेल्या जादा कलमातही) समुद्रप्रवासातलं नुकसान स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. युरोपात एका देशाचा विमा दुसऱ्या देशात मानण्यासाठी ग्रीन कार्डाची पद्धत आहे. भारत त्यात नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्सचं नावही काढू नका, त्यात मोटरगाडीमुळे येणारी जबाबदारी वगळलेलीच असते.

आपल्या मोटर पॉलिसीतलं आणखी एक वाक्य मी नेहमी लोकांना बोट ठेवून दाखवते. ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानाच्या, यादीत वाहतुकीतलं नुकसान येतं: रस्त्याने, रेल्वेने, अंतर्गत जलमार्गाने, लिफ्टने, विमानाने. समुद्राने हा शब्द नाही. तो विसरून राहिलेला नाही. समुद्राचं काम मरीन पॉलिसीचं, म्हणून तो तिथे नाही.

आता ते जोडपं.

उरणच्या बाजूच्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेर कंटेनर उघडतात त्या यार्डात, मी एका गाडीच्या सर्व्हेला गेले होते. चाळीस फुटी कंटेनर, आत दोन गाड्या, एकीमागे एक. दाराकडची गाडी विमा उतरवलेली, तिच्यासाठी मी. सील तोडलं, दार उघडलं आणि ओल्या सतरंजीसारखा वास आला. चाकांपुढचे लाकडी ठोकळे फुटले होते, लॅशिंगचे पट्टे सैल पडून लोंबत होते, आणि वाटेत कुठेतरी दोन्ही गाड्या एकमेकींवर आपटत आल्या होत्या. दाराकडच्या गाडीचा मागचा बंपर गेला होता, आतल्या गाडीचं बॉनेट वर दुमडलं होतं. छताच्या एका सांध्यातून पाणी झिरपून आतल्या गाडीच्या सीटवर पांढरी मिठाची रेघ उमटली होती.

आतल्या गाडीचे मालक तिथे उभे होते, दोघंही साठीच्या पुढचे. पैसे त्यांच्या निवृत्तीचे, गाडी मुलाने पसंत केलेली. मी फोटो काढत होते तेव्हा काकूंनी विचारलं, ‘आमचेपण काढाल ना?’ मी काढले. पण त्यांच्या गाडीवर पॉलिसी नव्हती. जहाज कंपनी देईल, असं त्यांना कुणीतरी ठामपणे सांगितलं होतं.

जहाज कंपनीचं पत्र आलं ते दोन ओळींचं. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, ‘शिपर्स लोड, स्टो अँड काउंट’ असं छापलेलं होतं. म्हणजे कंटेनरमध्ये माल भरला आणि बांधला तो पाठवणाऱ्याने, आम्ही बंद डबा नेला. ठोकळे कमी लावले असतील तर तो पाठवणाऱ्याचा दोष. कंटेनरच फुटका होता हे सिद्ध केलं असतं तरी रकमेला मर्यादा आहे. समुद्री मालवाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी एका नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यातलं जे जास्त ते. १६०० किलोची गाडी धरा: ३२०० एसडीआर. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक; एक एसडीआर सव्वा ते दीड डॉलरच्या मध्ये असतो, म्हणजे हातात फार तर चार हजार आठशे डॉलर. गाडी पन्नास हजार डॉलरची असली तरी तेवढेच. जहाज चालवण्यात खलाशांची चूक झाली किंवा आग लागली, तर त्याच नियमांनी वाहतूकदाराला बहुतेक वेळा तेवढंही द्यावं लागत नाही.

कस्टम कायद्याच्या कलम २२ खाली उतरण्याआधी झालेल्या नुकसानापोटी ड्युटीत सूट मागता येते. त्यांच्या एजंटाने ती मागितली, थोडा दिलासा मिळाला. दाराकडच्या गाडीचा क्लेम मात्र पूर्ण मंजूर झाला. तोच डबा, तेच जहाज, तेच फुटके ठोकळे.

समुद्रावर असं कितीसं होतं, असं विचारणाऱ्या मुंबईकरांना मी ७ ऑगस्ट २०१० ची आठवण देते. आपल्याच बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ आदळली, कलंडलेल्या चित्रावरून शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि काही दिवस जहाजांची ये-जा बंद राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ अझोर्स बेटांजवळ पेटलं आणि १ मार्चला बुडालं, पोटात सुमारे चार हजार गाड्या घेऊन. शिवाय तुमच्या गाडीला ओरखडाही न येता पैसे भरायची वेळ येऊ शकते. ‘एव्हर गिव्हन’ मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा जनरल ॲव्हरेज जाहीर झालं, म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च जहाजमालक आणि मालाचे सगळे मालक यांनी वाटून घ्यायचा. हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते. नसेल तर तुम्ही रोख अनामत ठेवता.

मरीन पॉलिसी घेतानाही कुठली ते बघा. ‘इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस’चे ए, बी आणि सी असे तीन प्रकार आहेत. सी मध्ये आग, बुडणं, टक्कर असं मोजकंच येतं. पाणी झिरपून सीट भिजल्या तर त्यात काही नाही. ए घ्या. वापरलेल्या गाडीला काही कंपन्या फक्त सी देतात किंवा ओरखडे-पोचे वगळतात, म्हणून पाठवण्याआधी चारही बाजूंचे तारखेसह फोटो आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. विमा उतरवायची रक्कम गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विम्याचा खर्च अधिक दहा टक्के अशी धरायची पद्धत आहे. भरलेली ड्युटी त्यात येत नाही, तिचा वेगळा ड्युटी इन्शुरन्स असतो. आपल्याकडे ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होते, तेव्हा हा किरकोळ मुद्दा नाही.

विमा नसला की ड्युटी कमी, हे तर सपशेल चूक. ड्युटी लागते ती किंमत, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर. विम्याचा खर्च कळत नसेल तर २००७ च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे कस्टम स्वतःच किमतीच्या १.१२५ टक्के विमा धरून त्यात मिळवतं. म्हणजे न काढलेल्या विम्यावरही ड्युटी भरायची, आणि गाडीला संरक्षण शून्य.

संदेशात ‘नवी कोरी’ गाडी म्हटलंय, तेही कस्टमच्या दारात टिकत नाही. बाहेर विकली गेलेली किंवा तिथे नोंदणी झालेली गाडी आपल्या आयात धोरणात वापरलेली ठरते, मग ती दहा दिवसच का चालवलेली असेना. रस्त्यावर चालवायची तर नोंदणी हवीच, म्हणजे महिनाभर युरोप फिरलात की गाडी नवी राहिली नाही. वापरलेल्या गाडीचं मूळ सीमाशुल्कच कित्येक वर्षं १२५ टक्के होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्याची मांडणी बदलली, ओझं तेवढंच राहिलं. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, तपासणीचे दाखले हवेत, आणि अशी गाडी उतरवायला बंदर एकच, मुंबई.

हे दाखले आणि विमा यांचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. मरीन पॉलिसी गाडी घरी पोचेपर्यंत चालते खरी, पण जहाजातून माल उतरल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस. कागदांत अडकलेली गाडी यार्डात उभी असते, डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) चढत असतं आणि एकसष्टाव्या दिवशी तिच्यावर कुठलाच विमा नसतो. जूनमध्ये उतरणारी गाडी असेल तर यार्डात पाणी साचलेलं मी बघितलं आहे. मुदत संपण्याच्या आधी कंपनीला कळवून ती वाढवून घ्या. आधी, नंतर नाही.

आणि तिकडची पॉलिसी इथे? आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सार्वजनिक जागेत थर्ड पार्टी विमा मागतं, तो इथल्या कायद्याप्रमाणे काढलेला. गेटबाहेर पडण्याआधी चासी नंबरवर भारतीय पॉलिसी हवी. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरायची गाडीची किंमत, ठरवताना बिल ऑफ एन्ट्री (कस्टमकडे भरलेला आयातीचा कागद) आणि ड्युटीची पावती जोडून द्या, नाहीतर परदेशातल्या किमतीवर आकडा धरला जाईल. पासिंग होईपर्यंत गाडी चालवत नेण्यापेक्षा कॅरियरवर चढवून न्या, हे माझं मत.

तिकडच्या पॉलिसीचा एक उपयोग मात्र आहे, आणि तो संदेशात कुठेच नाही. जी मंडळी बाहेर पाच-सात वर्षं राहून कायमची परत येतात, त्यांचा तिथला नो क्लेम बोनस इथे मिळू शकतो. जुन्या मोटर टॅरिफमध्ये (मोटर विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात) तशी तरतूद आहे: परदेशी पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे पॉलिसी घ्यायची आणि तिथल्या कंपनीचा पुरावा जोडायचा. ते पत्र तिथून निघण्याआधीच मागा. पॉलिसीधारकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच असू द्या, पॉलिसी सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख असू द्या, आणि क्लेम घेतला नाही हे एका वाक्यात लिहून घ्या.