'टाटांनी बंद पाडलेली जेट जॅग्वार': यात खरं किती?

सध्या फिरणारा दावा असा: "जॅग्वारने जेट इंजिनवर पळणारी सी-एक्स75 बनवली, पैसे संपले म्हणून टाटांनी ती बंद पाडली आणि 'स्पेक्टर' या जेम्स बाँडच्या सिनेमात तीच गाडी धावली." तिन्ही गोष्टी चूक आहेत.

"जेट इंजिनवर पळणारी." 2010 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या गाडीत दोन छोटे गॅस टर्बाइन (जेट इंजिनाच्याच जातीची यंत्रं) होते, हे खरं. पण गाडी ढकलणारा झोत सोडणं हे त्यांचं कामच नव्हतं. मिनिटाला 80,000 फेरे घेत ते फक्त वीज तयार करायचे. चाकं फिरवायला 145 किलोवॉटच्या चार इलेक्ट्रिक मोटर्स होत्या, दर चाकाला एक. आता हिशेब बघा: मोटर्सना लागणार 580 किलोवॉट, दोन टर्बाइन मिळून देणार 140, बाकीचे बॅटरीतून. बॅटरी उतरली की जेमतेम चौथाई ताकद उरते.

2011 मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींतल्या विल्यम्स कंपनीच्या साथीने 250 पर्यंत गाड्या काढायचं जाहीर झालं. त्या गाडीत टर्बाइन नव्हतेच. तिथे आलं 1.6 लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मिनिटाला 10,000 फेऱ्यांपर्यंत जाणारं, सुमारे 500 अश्वशक्तीचं. एवढ्याशा इंजिनाला मोठा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावला की कमी फेऱ्यांना एक्झॉस्टचा जोर पुरत नाही, टर्बो उशिरा जागा होतो. म्हणून कमी फेऱ्यांना सुपरचार्जर (हवा कोंबणाराच, पण इंजिनाच्या ताकदीवर फिरणारा), जास्त फेऱ्यांना टर्बो अशी जोडी बसवली. सोबत दोन इलेक्ट्रिक मोटर्स. एकूण ताकद 850 अश्वशक्तीच्या वर! खरं कौतुक व्हायला हवं ते या इंजिनाचं, आणि त्याचाच कुठे उल्लेख नसतो.

"पैसे संपले, टाटांनी बंद पाडली." जॅग्वार 2008 मध्येच टाटा मोटर्सकडे आली, म्हणजे ही गाडी आखली गेली तीच टाटांच्या काळात. डिसेंबर 2012 मध्ये ती थांबवली तेव्हा जॅग्वार लँड रोव्हर चांगल्या नफ्यात होती. कंपनीने कारण उघड सांगितलं: जगभर काटकसर चालू असताना आठ-दहा लाख पौंडांची गाडी बाजारात आणायची ही वेळ नव्हे.

"सिनेमात तीच गाडी." 2015 च्या त्या सिनेमातल्या रोममधल्या पाठलागासाठी विल्यम्सने स्टंटच्या गाड्या वेगळ्या बांधल्या. आकार सी-एक्स75 चा, पण आत नळ्यांची चौकट आणि जॅग्वारचं 5 लिटरचं, आठ सिलिंडरचं सुपरचार्ज्ड व्ही8 इंजिन. पेट्रोल आणि विजेची हायब्रिड यंत्रणा त्यांत नव्हतीच.