डावा कौल

ऐन हंगामात, देवगडात, पेट्या भरायला टेंपो दारात उभा आणि मी 'हापूस' व्हायच्या खटपटीत. म्हणजे कॉम्प्युटरच्या लिनक्स या प्रणालीवर. बागेच्या ऑर्डरींसाठी मी त्या नावाचं वेगळं खातं काढलंय. घरचा हिशेब आणि गिऱ्हाइकांचे पत्ते एकमेकांत मिसळायला नकोत, हा माझाच शहाणपणा.

खातं बदलायची आज्ञा दोनच अक्षरांची, 'एसयू'. लिनक्सचा पूर्वज युनिक्स, त्याच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलपासूनची. ज्याचं खातं त्याचा पासवर्ड ती मागते आणि तो टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. देवळात कौल लावून पाकळीकडे बघत बसावं तसं बसायचं. पहिला कौल डावा. कॅप्स लॉक! दुसरा उजवा.

यादी सेव्ह करायला गेलो तर 'परवानगी नाही'. 'एसयू'पुढे आडवी रेघ द्यायची राहिली होती. रेघ नसली की माणूस बदलतो, पण उभा असतो पूर्वीच्याच फोल्डरात. पँटवरून सोवळं नेसल्यासारखं.

आपण नक्की कोण झालोय ते बघायला 'हू अ‍ॅम आय' टाइप केलं. मोठ्याने पुटपुटलोही असेन.

"रे मेल्या, तू कोण ता तुकाच म्हायत नाय?" पेंढा पसरता पसरता आई म्हणाली. "माका इचार!"

मग घाईत 'सुडो' मारलं, म्हणजे वरच्या अधिकाराने काम करून घ्यायची आज्ञा. हा आपलाच पासवर्ड मागतो, पण आपलं नाव त्याच्या यादीत लागतं. हापूसचं नव्हतं. उत्तर आलं, या घटनेची खबर दिली जाईल. कोणाला? रूटला, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याला. या यंत्रावर रूट कोण? मीच! आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते निदान दुसऱ्या कोणापुढे तरी.

शेवटी रेघ देऊन रूट झालो, तिथून रेघ देऊन पुन्हा हापूस. रूटला पासवर्ड विचारायची कोणाची छाती नाही. यादी उघडली, पहिल्या दोन पेट्यांवर पत्ते घातले. तेवढ्यात जाणवलं, आपण हापूसच्या पोटात रूट आणि रूटच्या पोटात हापूस असे बसलोय. नीटनेटकं बाहेर पडावं म्हणून 'एक्झिट' मारलं. रूट. एक्झिट. हापूस. एक्झिट. मी. हात चालूच होता. चौथ्या एक्झिटला खिडकीच मिटली.

बाहेर टेंपोने हॉर्न दिला.

"तिसरी पेटी खंय धाडूची?" आईने विचारलं.

मी पुन्हा टाइप केलं, एसयू, आडवी रेघ, हापूस. कौल डावा.