इंजिन दोनदा खोललंय

जुनी मोटरसायकल कशी बघायची याचा क्लास माझ्या मेकॅनिक मित्राने आठवडाभर घेतला. त्याचं सगळं शास्त्र एकाच पायावर उभं होतं : विकणारा खोटं बोलतो. ‘तो म्हणणार, इंजिनला हात लावलेला नाही. आपण समजायचं, निदान दोनदा खोललंय. तो म्हणणार, गाडी कधी पडलेली नाही. आपण लिव्हरची टोकं बघायची.’ आणि सगळ्यात शेवटी, गाडी कितीही आवडली तरी, चेहऱ्यावर थोडा कंटाळा आणून म्हणायचं, ‘विचार करून सांगतो.’ एवढं बोलून निघायचं. मागे वळून बघायचं नाही.

हे वाक्य मी आरशासमोर बरंच घोटलं. कंटाळा जमेना. पोटात दुखतंय असाच चेहरा व्हायचा.

मित्र बरोबर येणार होता, पण ऐन वेळी त्याने टांग दिली. मग मी एकटाच निघालो. खिशात टॉर्च, एक फडकं आणि फ्रिजवरून काढलेलं लोहचुंबक. टाकी ठोकून वर पुट्टी भरली असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही, हे मला शिकवलं होतं. आमच्या फ्रिजवरचं चुंबक हसऱ्या सूर्यफुलाच्या आकाराचं निघालं, त्याला माझा इलाज नव्हता.

गाडी २८ वर्षांची. मालक काका तिच्या दुप्पट वयाच्या पुढचे असावेत. मी नमस्कार करायच्या आधी इंजिनवर तळहात ठेवला. हाही शिकवणीचाच भाग. थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरत असेल तर विकणारे आपण यायच्या आत ते गरम करून ठेवतात.

‘थंड आहे,’ काका म्हणाले. ‘तुम्ही येणार म्हणून सकाळपासून मुद्दाम सुरू केली नाही.’

मी हात काढून घेतला आणि नमस्कार केला.

‘इंजिन दोनदा खोललंय,’ ते पुढे म्हणाले. ‘पहिल्यांदा निळा धूर यायला लागला, तेव्हा रिंग-पिस्टन घातले. दुसऱ्यांदा नुसते व्हॉल्व्हचे सील.’ आणि काखेतली एक जाडजूड वही माझ्यापुढे धरली. तीत तारीख, किलोमीटर, काय बदललं, सगळं बारीक अक्षरात. ऑइल बदलल्याच्या नोंदींनीच पानंच्या पानं भरलेली.

आता आली का पंचाईत! हात लावलेला नाही म्हणणाऱ्याचं इंजिन दोनदा खोललेलं असतं, तर दोनदा म्हणणाऱ्याचं किती वेळा? चार? की खरं बोलणाऱ्याला हे गणित लागूच होत नाही? मित्राने हा धडा घेतलाच नव्हता. मी संशयाने वही चाळली. इतकं खरं कोण लिहून ठेवतं?

मग चुंबक काढलं. टाकीच्या उजव्या अंगाला सूर्यफूल टक्कन चिकटलं. डाव्या अंगाला गुडघ्याच्या जागेपाशी लावलं, तर ते हसत हसत घसरून खाली पडलं. पकडला! मी विजयी मुद्रेने काकांकडे बघितलं.

‘पुट्टी आहे तिथे,’ काका म्हणाले. ‘मुलगी चालवायला शिकत होती, तेव्हा पाडली. क्लचच्या लिव्हरचं टोकही बघा, घासलंय. आणि हे फूटरेस्ट. अजून थोडं वाकडंच आहे.’ घरचा अल्बम दाखवावा तसं ते एकेक दाखवत गेले. मी ‘अरे वा’ म्हणालो. पुट्टीला ‘अरे वा’ म्हणणारा गिऱ्हाईक त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा.

चेन तपासायची तर मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चाकावरच्या दातेरी चकतीच्या, अगदी मागच्या टोकाला ती चिमटीत धरून ओढायची. खालचा दात अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर चेन संपली. मी ओढली. दात बरोबर अर्धा दिसला. उकिडवा बसून मी बराच वेळ त्या अर्ध्या दाताकडे बघत राहिलो. बोटं कोपरापर्यंत काळी झाल्यासारखी वाटत होती.

‘संपलीय ती,’ काका वरून म्हणाले. ‘पण नुसती चेन टाकू नका. दोन्ही स्प्रॉकेटही बदला. नाहीतर झिजलेले दात नवी चेन खातात.’

यानंतर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग. या परीक्षेचा मला विशेष अभिमान होता, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे खड्ड्याखड्ड्यांत हँडलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या एकाच जागी आपटत राहतात आणि तिथे बारीक खळगे पडतात. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल अलगद फिरवलं, तर ते मधोमध येताना हाताला किंचित अडखळतं. आता, गाडी मेनस्टँडवर लावली तरी पुढचं चाक उचलायला मागे वजन हवं. काका काही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले. दृश्य असं : गाडी स्टँडवर, मागे काका वही मांडीवर घेऊन ताठ बसलेले, समोर मी डोळे मिटून हँडल इकडून तिकडे फिरवतोय. कुठे अडखळलं नाही. ‘गेल्या वर्षीच बदललाय,’ मागून आवाज आला.

मी टायरकडे वळलो. टायरवर एक लंबगोल चौकट असते, तिच्यात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. मी टॉर्च मारला. १११२. म्हणजे २०१२ सालचा अकरावा आठवडा! नक्षी चांगली शिल्लक होती, पण बाजूच्या रबरावर केसासारख्या चिरा पडलेल्या. आणि हे काका बोलले नव्हते! मी खणखणीत आवाजात आठवडा जाहीर केला.

काकांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, चिरांवरून अंगठा फिरवला. ‘हे मला माहीत नव्हतं,’ ते हळूच म्हणाले आणि वही उघडून लिहून घेतलं. दिवसभरातला माझा एकमेव विजय, आणि मला उगाच कुणाचा तरी वाईट रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखं झालं.

‘करा सुरू,’ काका म्हणाले.

मी किक मारली. मग आणखी मारल्या. बाराव्या किकला माझा श्वास सायलेन्सरमधून आल्यासारखा यायला लागला, तेव्हा काका अदबीने म्हणाले, ‘पेट्रोलचा कॉक.’ कॉक उघडला, चोक ओढला, पुढच्याच किकला गाडी सुरू झाली. मागे बघतो तर काळा धूर. ‘काळा धूर!’ मी ओरडलो.

‘चोक बंद करा.’

धूर थांबला.

मी एक चक्कर मारून आलो. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की नुसता आवाज वाढतो का आणि गाडी तिथल्या तिथेच राहते का, तसं असेल तर क्लचप्लेट गेल्या, हे बघायचं होतं. मी पिळला. गाडी अशी काही निघाली की पुढचं काहीच बघायचं सुचलं नाही. टॅपेटचा आवाज ऐकायचा राहिला, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का ते राहिलं. परत आलो तेव्हा काका त्याच जागी मान तिरकी करून उभे होते. सगळा वेळ ते कान लावून ऐकत होते.

‘दुसऱ्यावरून तिसऱ्यावर टाकताना क्लच पूर्ण दाबत नाही तुम्ही.’

‘सवय नाही ना, काका.’

‘हं. उभी कुठे करणार? वर छप्पर आहे?’

‘आहे ना!’ मी म्हणालो. त्या दिवशीचं पहिलं खोटं ते.

‘रोज चालवणार की नुसती सुट्टीच्या दिवशी?’

‘रोज.’ दुसरं.

‘चेनला तेल?’

‘दर आठवड्याला.’ माझ्या सायकलची चेन गंजून तुटली होती, हे त्यांना कळायचा काही मार्ग नव्हता. तरी त्यांनी माझ्या काळ्या बोटांकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही.

आरशासमोर घोटलेलं वाक्य मला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. मी म्हणालो, ‘काका, घेतो मी. तुम्ही म्हणाल त्या किमतीला.’

काकांनी सूर्यफूल उचलून माझ्या हातात दिलं. टाकीवर ते जिथून घसरलं होतं त्या जागेवरून एकदा बाही फिरवली. मग वही काखेत मारली, आणि चेहऱ्यावर थोडा कंटाळा आणून म्हणाले, ‘विचार करून सांगतो.’

आणि आत गेले. मागे वळून बघितलं नाही.